पुढचा हुकूम येईपर्यंत

शामराव जॉबरांचा आवाज असा होता, की त्यांनी इचलकरंजीत कारखान्याच्या दारात उभं राहून एक शिवी हासडली की आतले माग आपोआप बंद पडायचे, आणि गल्लीच्या टोकाला गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका पदर डोक्यावर घ्यायच्या. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मेस्त्री. बिघडलेल्या मागाला त्यांनी नुसता हात लावला तरी तो घाबरून नीट चालायला लागायचा म्हणे. आता लोक वाढवूनच सांगतात. पण त्या हाताला सगळी गल्ली वचकून असायची हे खरं, आणि सगळ्यात जास्त वचकून असायची ती त्यांची बायको, रत्नमाला.

त्या हातानं तिचा हात एकदाच धरला होता, लग्नात, तोही भटजींनी धरायला लावला म्हणून. त्यानंतर त्या हातानं तिच्याकडून पगाराची पिशवी घेतली, जेवणाचं ताट घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला. कधी कधी तो उगारला गेला. उगारलेला हात खाली कुठं येईल हे तिला वरूनच कळायला लागलं होतं. पण बाजारात गर्दीत कधी तो तिच्याकडं आला नाही. शामराव पुढं आणि ती मागं, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर. मुलगी केतकी लग्न होऊन सुरतेला गेली तेव्हा गाडी सुटताना रत्नमाला रडली, तर शामराव म्हणाले, "चला, पाण्याची वेळ झाली." झालं, संपलं.

मग तो हातच मेला.

नक्षीच्या मागावर जॅकार्डचा डबा वर माळ्यावर बसवलेला असतो. हजारो दोरे वरून खाली लोंबतात, आणि डबा हुकूम देईल तसा एकेक दोरा उचलला जातो, तेव्हा कुठं पदरावर मोर उतरतो. त्या माळ्यावर शामराव तरणेपणापासून माकडासारखे चढत होते. एका दुपारी पाय निसटला आणि ते मानेवर पडले. जीव वाचला. पण मानेखालचं सगळं अंग पोत्यासारखं झालं. आवाज मात्र तसाच राहिला. त्या आवाजावर त्यांनी रत्नमालेला पाणी, चमचा, कूस, माशी असं दिवसभर पळवलं. शेजारची मुमताज तिची जुनी मैत्रीण. दोघींनी एका खात्यात बसून मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरलेल्या. ती म्हणायची, "रत्ना, तुझा माग काय रातपाळीलाबी बंद होईना बघ."

माणसं चंद्रावर घरं बांधायच्या गोष्टी करत होती, कोल्हापुरात बिनड्रायव्हरच्या बसगाड्या फिरायला लागल्या होत्या, आणि गल्लीतली लाईट अजूनही पहिल्यासारखीच डोळे मिचकावत होती. अशा त्या दिवसांत बाही आली.

पुण्याच्या एका कंपनीनं ती बनवलेली. घेऊन आली ती शलाका नावाची इंजिनियर मुलगी. केस मुलासारखे कापलेले, पण घरात शिरताना न सांगता चपला बाहेर काढल्या, त्यामुळं रत्नमालेला आवडली. एका हातावर खांद्यापासून बोटांपर्यंत चढवायची ती बाही म्हणजे दिसायला काळा मोजा. आत मात्र स्नायूसारखे आखडणारे बारीक दोरे, शेकड्यांनी. मानेच्या वरच्या बाजूला कातडीखाली एक मणी बसवलेला. मेंदू हाताला जे सांगू बघतो ते मणी ऐकणार आणि खुर्चीच्या दांड्याला लावलेल्या डबीत पाठवणार.

"काकू, अडचण कुठं आहे बघा," शलाका म्हणाली. "मेंदूचा इशारा असतो मुंगीएवढा. आणि या दोऱ्यांना ओढायला लागतो बैल. मोठा दाब, मोठा करंट. मुंगीनं बैलाला कसं हाकायचं? म्हणून मध्ये ही चिप. बरं, शेकडो दोऱ्यांना शेकडो तारा आणायच्या तर काकांच्या मानेत केबल घालावी लागेल. म्हणून तार एकच. तिच्यातून हुकूम रांगेनं येतात, एकामागं एक. ओढ, नको, नको, ओढ. पहिला पुढं सरकतो, मागून दुसरा येतो. सगळे आपापल्या जागेवर पोचले की एक टिचकी बसते. ती बसली की सगळे दोरे एकदम ओढले जातात, आणि चिप ती ओळ कुलूप लावल्यासारखी धरून ठेवते. पुढची ओळ येऊन पुन्हा टिचकी बसेपर्यंत."

"हे जॅकार्डच की हो," रत्नमाला म्हणाली.

"जॅकार्डच हाय," शामराव खुर्चीतून गुरकावले. "त्यात काय सांगालीस आम्हाला."

शलाका हसली. तिनं लॅपटॉपवरून मुठीची ओळ पाठवली. हात हलला नाही. "आली की नाही आत?" ती म्हणाली. "आलीय. पण हाताला अजून माहीत नाही." मग तिनं डबीचं झाकण उघडून आतलं मोहरीएवढं बटण नखानं दाबलं. टक् झालं, आणि शामरावांची मूठ वळली. दोन वर्षांनी वळली.

रत्नमाला डबीवर वाकली. "म्हणजे ह्याच्या पोटात एक असतंय आणि हातात एक," ती म्हणाली.

"अगदी बरोबर. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पन्नासेक ओळी येऊन जातात, म्हणून आपल्याला कळत नाही. आणि हे बघा, ही सुटका-तार. ओळी यायच्या थांबल्या, मणी बिघडला, काही झालं, तरी ही तार क्षणात हात सैल सोडते. ही डबी कधीही उघडायची नाही हं."

"न्हाई उघडत," दोघं एकदम म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं कशावर तरी एकमत झालं असावं.

मग काय विचारता! पहिल्या आठवड्यात शामरावांनी मारुतीच्या देवळात नारळ हातात धरून नुसता दाबून फोडला. बघायला गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी स्टीलचा पेला कागदासारखा चुरगळून दाखवला. कुणी म्हणालं, त्यांनी बंद पडलेला टेम्पो एका हातानं मागं ओढला. कुणी म्हणालं, टेम्पोत माणसंपण होती. मुमताज म्हणाली, "अगं, उद्या म्हातारा पंचगंगाच आडवंल."

पण लाईट डोळे मिचकवायची. शेजारच्या कारखान्यातले माग एकदम सुरू व्हायचे, हवेत विजेचा कचरा उडायचा आणि मणी ठेचकाळायचा. ठेचकाळला की सुटका-तार आपलं काम करायची. शामरावांच्या हातातून भाकरी पडायची, दाढीचं यंत्र पडायचं. एकदा उकळता चहा मांडीवर पडला. मांडीला काही कळत नव्हतं, त्यामुळं त्यांनाही कळलं नाही. धोतर बदलताना रत्नमालेनं हाताएवढा फोड बघितला.

शामरावांनी मान वाकवून तो फोड बघून घेतला. मग म्हणाले, "रत्ने, तारा डागायचं सोल्डरिंगचं मशीन काढ."

"कशाला?"

"कारखान्यात काय करतोय आम्ही? लाईट गेली की जॅकार्डची चिपबी ओळ सोडतीया, साडी खराब हुतीया. म्हणून प्रत्येक डब्यात चिपच्या सुटका-तारेचा पाय अर्थिंगला डागून टाकलेला असतोय. आख्ख्या इचलकरंजीत असंच हाय. लाईट मिचकावू दे न्हाईतर मरू दे, ओळ धरलेली ती धरलेली."

"अहो, ती पोरगी उघडू नका म्हणालीया."

"ती पोरगी पुण्याची हाय. तिला काय म्हाईत हितलं."

त्यांचा हात जाड. बारीक काम बाहीला जमत नव्हतं. रत्नमालेची बोटं कांड्या भरून भरून सुईसारखी झालेली. शामराव सांगत गेले आणि तिनं केसाएवढी तार चिपच्या ह्या पायापासून त्या पायापर्यंत डागून टाकली. धूर निघाला, डबी बंद झाली.

त्यानंतर शामरावांच्या हातून काही पडलं नाही.

आणि मग ती चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. ते तिचा हात धरायला लागले. पहिल्यांदा धरला तेव्हा तिला वाटलं, काहीतरी आणायला सांगायचंय. "काय पायजे?" ती म्हणाली. "काय न्हाई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मनगट धरलेलंच. बाहीची पकड गरम होती, करंटनं तापलेली. माणसाच्या हाताची ऊब नव्हे, इस्त्रीची. तरी रत्नमाला बसून राहिली. चूल तशीच राहिली.

पण हळूहळू हे वाढलं. सकाळी चहा झाला की मनगट, टीव्ही लागला की मनगट. ती मुमताजकडं गेली तर खुर्चीतून हाक यायची आणि आली की मनगट. ते प्रेम होतं का भीती होती, का आयुष्यभर दुसऱ्यानं आपल्याला भ्यायची सवय लागलेल्या माणसाला धरण्याची दुसरी रीतच माहीत नव्हती, हे तिला कळेना. विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ते म्हणणार, "चला, पाण्याची वेळ झाली."

सुरतेहून केतकीचा फोन आला. दुसऱ्या खेपेला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलेलं. नवरा कामावर, मोठी पोर लहान. "आई, ये गं. मला एकटीला नाही निभत. पहिल्या वेळीपण तू आली नाहीस."

पहिल्या वेळी शामराव नुकते पडले होते.

"बाबांना विचारतो" असं ती म्हणाली नाही. "येतो" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. मुमताजनं शामरावांची सोय बघायचं कबूल केलं. तिचा थोरला मुलगा रोज येऊन त्यांना उचलणार होता. बाकी एक हात तर आता त्यांचा त्यांना होताच. सगळं नीट जमवलं. फक्त त्यांना सांगायचं राहिलं, आणि ते ती शेवटच्या सकाळपर्यंत लांबवत गेली.

त्या दिवशी पहाटेपासून लाईट नव्हती. माग गप्प. इचलकरंजीत माग गप्प झाले की लोकांना झोपेतून जाग येते, एवढी ती शांतता कानात वाजते. पिशवी भरण्याच्या गडबडीत तिच्या लक्षात आलं की बाही चार्ज झालेली नाही. डबीवर लाल दिवा लुकलुकत होता.

"कुठं निघालीस?" शामराव म्हणाले.

"सुरतेला. केतकीकडं. मुमताज येणार हाय तुमच्याकडं. बाळंत झाली की मी परत येतो."

"जायाचं न्हाई."

"पोरीला गरज हाय, अहो."

"मला न्हाई व्हय?"

ती पिशवी घ्यायला खुर्चीजवळून गेली आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. नेहमीसारखं नव्हे. नारळ धरला होता तसं. काकणं कडकड फुटली आणि काचा फरशीवर उडाल्या.

"सोडा."

"न्हाई."

"सोडा म्हणतो न्हवं! जन्मभर धरला न्हाईसा, आणि आता धरून बसलाय व्हय? दगडाच्या हातात हात दिला असता तर त्यानंबी एवढ्या वर्षांत कवातरी कुरवाळला असता!"

असं ती कधी बोललीच नव्हती. शामराव तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा कसासा झाला. रागानं का आणखी कशानं, तिला ओळखता आलं नाही, कारण त्या चेहऱ्यावर रागाशिवाय काही तिनं बघितलेलंच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"ऐक," ते म्हणाले.

आणि तोंड तसंच उघडं राहिलं. डोळ्यातलं बघणं गेलं. मान एका बाजूला कलली.

हात तसाच होता.

तिच्या ओरडण्यानं मुमताज धावत आली. तिनं शामरावांच्या नाकाशी बोट धरलं, मानेला हात लावला, छातीला कान लावला आणि "या अल्ला" म्हणून डोक्यावर पदर घेतला. रत्नमाला खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलेली. मनगट त्या काळ्या बोटांत. मुमताजनं बोटं उकलायचा प्रयत्न केला. लोखंडी गज उकलावा तसं झालं.

"रत्ना, गेलेत गं ते. पण हात..."

"शलाकाला फोन लाव."

शलाका फोनच्या पडद्यावर आली आणि बघून पांढरी पडली. "काकू, हात क्षणात सुटायला हवा होता. सुटका-तार आहे ना... तुम्ही डबी उघडली होती का?"

"उघडलीवती," रत्नमाला म्हणाली. "मीच डागलाय तो पाय. ह्या हातानं." आणि तिनं मोकळा हात वर केला.

शलाकानं समोर डबीची माहिती उघडली. मणी गप्प झाला होता, पण ओळ धरलेली ती धरलेली. पुढचा हुकूम येईपर्यंत चिप धरून ठेवणार, आणि हुकूम देणारं माणूस आता कुठं होतं!

"मुमताजकाकू, खुर्चीच्या पाठीमागं पिवळी पिन आहे. ती उपसा. करंट गेला की हात सुटेल," शलाका म्हणाली.

मुमताज पाठीमागं गेली. तेवढ्यात शलाका पडद्यावर कुठंतरी दुसरीकडं बघत पुटपुटली, "अरे... एक ओळ आत आलीय."

"थांब गं मुमताज," रत्नमाला म्हणाली. "काय म्हणालीस पोरी?"

"काही नाही, काकू."

"सांग."

"डबीची माहिती मला इथं दिसते. काकांची एक ओळ चिपमध्ये पूर्ण आलीय. टिचकी बसायच्या आत ते... गेले. म्हणजे हातात आहे ती आदली ओळ. शेवटची आत थांबलीय."

"काय हाय ती?"

"ते इथून वाचता येत नाही. हातावर आल्याशिवाय कळत नाही."

"आणि पिन काढली तर?"

"पुसली जाईल."

लाल दिवा आता भरभर लुकलुकायला लागला होता. चार्ज संपला की तसंही पुसलं जाणार होतं. रत्नमालेनं शामरावांच्या उघड्या तोंडाकडं बघितलं. 'ऐक' म्हणाले होते. ऐक, जा? का ऐक, जाऊ नको? सगळा जन्म त्या माणसाच्या पोटात काय आहे ते हातावर कधी आलं नाही, आणि आता एक ओळ तिथं, वीतभर अंतरावर, दार लावून बसली होती.

"मुमताज, झाकण उघड. मोहरीएवढं बटण हाय बघ."

"काकू, नको!" शलाका ओरडली. "ती ओळ आवळण्याची असली तर मनगटाचा चुरा होईल. नारळ फोडलाय या हातानं!"

"आणि सोडण्याची असली तर?"



"रत्ना, खुळी हाईस का?" मुमताज म्हणाली. "मेलेल्या माणसाचं काय ऐकतीस? पिन काढतो मी."

"जित्यापणी कुठं ऐकवलं त्यानं?" रत्नमाला म्हणाली. "मला सुरतेला जायाचं हाय. पर त्यानं सोडलंय म्हणून जाऊ, का त्यानं धरलेलं तोडून जाऊ, एवढं तरी कळू दे की मला."

मुमताजनं झाकण काढलं आणि डोळे मिटून घेतले. रत्नमालेनं मोकळा हात लांबवला आणि नखानं बटण दाबलं.

टक्.

अंगठा उठला. तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीची चार बोटं होती तशीच राहिली.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. काही नाही. आत आता काहीच उरलं नव्हतं.

"एवढंच?" मुमताजनं डोळे उघडून विचारलं. "अंगठा उचलला म्हणजे सोडतच होते की गं!"

रत्नमालेनं शलाकाकडं बघितलं. शलाकानं खाली बघितलं. "काकू, हात सोडताना आधी अंगठा उठतो," ती हळू म्हणाली. "आणि... पकड बदलून जास्त घट्ट धरायची असली तरी आधी अंगठाच उठतो. एका ओळीवरून..."

"एका ओळीवरून नक्षी कळत न्हाई," रत्नमाला म्हणाली. जन्म मागाच्या गल्लीत गेलेल्या बाईला ते काय सांगायचं! उचललेल्या दोऱ्यांची एक ओळ बघून मोराची चोच आहे का पाय, हे मोर काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

लाल दिवा विझला. पिन काढायची गरजच पडली नाही. हात सुटला आणि तिच्या मांडीवर पडला, जड, नुसता. मुमताज तिला धरून रडायला लागली. रत्नमाला मात्र फरशीवरच्या काचा गोळा करत बसली. नवरा गेलेल्या बाईची काकणं फोडायची चाल गावानं केव्हाच मोडली होती. तिची मात्र त्यानंच फोडून ठेवली होती, जाताना.

दिवस-कार्य झालं, आणि ती सुरतेला गेली. केतकी पलंगावरून उठू शकत नव्हती. बाप गेला तेव्हा तिला येता आलं नव्हतं. आईच्या कुशीत तोंड घालून तिनं पहिला प्रश्न विचारला, "आई, बाबा शेवटी काय म्हणाले गं? चिडले होते का माझ्यावर?"

"चिडतील कशाला?" रत्नमाला म्हणाली. "म्हणाले, जा. पोरीला गरज हाय, जा."

"खरंच?"

"मग! हात सोडून म्हणाले. मी थांबतो म्हणत होतो, तर ओरडले माझ्यावर."

केतकी रडता रडता हसली. "ओरडले म्हणजे खरंच बाबा."

मग ती गोष्ट वाढत गेली. शेजारणींना सांगताना शामरावांनी पिशवी स्वतःच्या हातानं भरून दिली. नात थोडी मोठी झाल्यावर तिला सांगताना आजोबा बिनड्रायव्हरच्या बसच्या पुढं आडवे झाले, बस एका हातानं थांबवली, आजीला आत बसवलं आणि दुसऱ्या हातानं टाटा केला. नात टाळ्या पिटायची. रत्नमाला डोळे मोठे करून असं सांगायची, की आवाजानं गल्लीतले माग बंद पडावेत.

चार बोटांचे वळ मनगटावरून हळूहळू गेले. अंगठ्याचा कधी धड उमटलाच नव्हता. पण पोर झोपली, केतकी बाळाला घेऊन आत गेली, की रत्नमाला तिथंच दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवायची. तांदळाच्या दाण्याएवढा उचलायची. एकदा हात सोडतोय असं मनात आणून. एकदा आवळतोय असं मनात आणून.

दोन्ही वेळा मनगटाला सारखंच वाटायचं.